बाळ वाचतं का?

साठ सालाच्या सुमारास लग्न होऊन मी साताऱ्याहून बंगलोरला आले. हे एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. मल्लेश्वरमला आमच्या शेजारी एक कानडी बाई राहायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कानडी. ह्यांनी कानडी शिकायचं पुस्तक आणलं होतं, त्यातले थोडे शब्द मी पाठ केले होते. ‘ओदु’ म्हणजे वाच, हा त्यातलाच.

मला पाचवा महिना लागला तेव्हा अक्कांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवून विचारलं, “मगू ओदेयुत्ता?”

मगू म्हणजे बाळ. बाळ वाचतं का? मला वाटलं, इकडे तशी समजूत असेल. मी आठवून आठवून उत्तर दिलं, “इल्ला. यजमानरु ओदतारे. दिना ओदतारे.” बाळ नाही, नवरा वाचतो, रोज वाचतो. खोटं काहीच नव्हतं. हे कामावरून आले की मला पेपर वाचून दाखवायचे, अग्रलेखासकट.

अक्कांचा चेहरा उतरला. माझा हात धरून त्या बरंच काही बोलल्या. मी म्हणाले, “सरी, सरी.” बरं, बरं.

त्यानंतर शेजारी कोणी ह्यांच्याशी बोलेना. एका रविवारी अक्कांच्या यजमानांनी ह्यांना फाटकापाशी गाठून इंग्रजीत सांगितलं, की अशा दिवसांत तरी पुरुषानं राग आवरावा.

हे घरात येऊन म्हणाले, “मी कधी रागावलो गं?”

“परवा. आमटीत मीठ नव्हतं तेव्हा.”

“ते त्यांना कसं कळलं?”

भिंत पातळ आहे, असं आम्ही ठरवलं. हे घरात हळू बोलू लागले.

मग एका दुपारी अक्कांच्या पायरीवर तांदूळ निवडत असताना पोटात डावीकडे आतून टुणकन काही लागलं. आधी फडफड व्हायची, ती मी हरभऱ्याच्या उसळीवर ढकलली होती. हे उसळीचं नव्हतं. माझा हात थांबलेला पाहून अक्कांनी पोटावर हात ठेवला. पुन्हा लागलं.

“ओदेयुत्ते! ओदेयुत्ते!” अक्का ओरडल्या आणि पाय हवेत झाडून दाखवला.

लाथ. कानडीत आखूड ओ असला की लाथ मारणं, लांब असला की वाचणं; आपल्याकडे ओ एकच. आत कोणीतरी आहे हे मला कळलं, आणि मी ह्यांच्याबद्दल काय सांगून बसले होते तेही. मला रडूच आलं. मी घरातून पेपर आणला, डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, “यजमानरु. हीगे.” असं.

अक्का पेपरकडे बघत राहिल्या. मग भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं.

“म्हणजे इतके दिवस त्यांना वाटत होतं, की मी...”

“रोज,” मी म्हणाले.

ह्यांनी पोटावर हात ठेवला. चहा निवला, पण बाळ हललं नाही. ह्यांना ती लाथ मिळाली पुढच्या आठवड्यात, दाढी अर्धी झालेली असताना. साबण गालावर वाळला तरी हे उठले नाहीत.