पहिली गाडी कोणाची

जगातले निम्मे अन्याय लबाडीमुळे होत नाहीत, आधी कोण आणि नंतर कोण हे नीट न ठरवल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी त्यांना दादा म्हणतो. नागापूरच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करण्यात त्यांची सारी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी सावेडीतल्या आपल्या घराकडे मोर्चा वळवला.

त्यांच्या गच्चीवर सोलर आहे. सकाळी जो पहिला आंघोळीला जातो त्याच्या वाट्याला पाईपात रात्रभर निवलेलं पाणी येतं आणि त्याच्यामागून जाणाऱ्याला कढत मिळतं. दादांनी न्हाणीघराच्या दारावर तक्ता लावला. आज ज्या क्रमाने आंघोळी, उद्या त्याच्या बरोबर उलट. ताई माझ्यासमोर म्हणाल्या, "मी पाचला उठते. उलट्या दिवशी काय साडेआठपर्यंत पारोशी बसू?" दादांनी दोन दिवस विचार केला आणि ताईंना तक्त्यातून सूट दिली, पण लेखी. तवा पुरता न तापल्यामुळे पहिली भाकरी जरा कच्ची राहते, म्हणून तीही रोज वेगळ्या माणसाच्या ताटात पडली पाहिजे. मी जेवायला गेलो की आधी माझा नंबर काढला जातो. एका लग्नात स्टेजवर फोटोसाठी झुंबड उडाली, तेव्हा त्यांनी इतकी शिस्तीची रांग लावून दिली की नवरीच्या आईवडिलांचा नंबर चौतिसावा आला.

अशा माणसाला मोटारींच्या शर्यतीचा नाद लागावा हे ऐकायला विचित्र वाटेल. त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, इंजिनिअर. तिने एक जुनी गाडी घेऊन ती स्वतः उघडली, जोडली आणि सोनईच्या पुढे मुरमाड पडीक रानात दर उन्हाळ्याच्या तोंडाशी हौशी लोक शर्यत भरवतात तिथे नाव दिलं. दादा नाखुशीने बघायला गेले आणि संध्याकाळी स्कूटर काढून थेट माझ्या घरी आले. चहाला हात न लावता सांगू लागले, "एकावेळी एकच गाडी सोडतात. घड्याळ लावून प्रत्येकाची वेळ घेतात, आणि पहिल्या दहांना दुसऱ्या दिवशी अंतिम फेरी. पण पहिली सुटणारी गाडी सगळी भुरभुरीत माती बाजूला सारते. ती घसरते, तिची वेळ जाते. मागच्यांना झाडलेला रस्ता मिळतो. म्हणजे पहिल्याने झाडू मारायचा आणि अकराव्याने बक्षीस न्यायचं."

महिनाभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. पुढच्या वर्षी संयोजकांपुढे त्यांनी सुबक अक्षरात लिहिलेला नियम ठेवला. पात्रता फेरी एकदा नाही, दोनदा घ्यायची. पहिल्या वेळी चिठ्ठ्या टाकून नंबर, दुसऱ्या वेळी तोच क्रम उलटा, आणि दोन्हींतली चांगली वेळ धरायची. सहा वाजता मात्र झेंडा खाली, कारण कालव्याजवळच्या वळणावर उतरतं ऊन थेट चालवणाऱ्याच्या डोळ्यांत येतं. जे राहतील त्यांची पहिलीच वेळ धरायची. संयोजकांना नियम पटला, आणि झेंडाही त्यांनी दादांच्याच हाती दिला.

त्याच वर्षी चिठ्ठ्या टाकल्या आणि एक नंबर भाचीला आला. मी दादांकडे पाहिलं. ते चिठ्ठी घडी करत होते. अठरा गाड्यांत तिने सगळ्यांसाठी माती झाडली आणि ती चौदावी आली. "काका, दुसऱ्यांदा मी शेवटची," ती मला म्हणाली. "तेव्हा बघा." दुपारनंतर दुसरी फेरी सुरू झाली. सगळं सुरळीत चाललं होतं, पण बाराव्या नंबरची गाडी कालव्याच्या चारीत उतरली. कोणाला लागलं नाही, पण ट्रॅक्टर आणून ती ओढून काढेपर्यंत पाऊण तास गेला. मग एकेक गाडी सुटत गेली. भाची हेल्मेट घालून रेषेवर आली तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती.

संयोजक म्हणाले, "एकच गाडी आहे दादा, सोडून टाका." बाकीच्या स्पर्धकांनीही माना डोलावल्या. ज्यांचं रान होतं ते पाटील तर पुढेच आले. "आवो सायेब, दोन मिंटाचं काम हाय. पोरगी सकाळधरनं उनात हुबी हाय. कुनाची न्हाई म्हनायची छाती हाय?"

दादांनी एकदा वळणाकडे पाहिलं. तिथे ऊन तांबडं होऊन अगदी जमिनीलगत आलं होतं.

"दुसऱ्या कोणाची असती तर सोडली नसती," ते शेवटी म्हणाले.

"आन् आपली हाय म्हनून?"

"म्हणून तर मुळीच नाही."

भाचीने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि बापाच्या हातातला झेंडा स्वतः गुंडाळून ठेवला. परतताना गाडीत ती मागे बसून बाहेर बघत होती. दादा पुढे बसून नियमाचा कागद वाचत होते. मी गाडी चालवत होतो आणि पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांचा फोन. "तिला घेऊन निघतोय, तुम्हीही चला." सातला आम्ही त्या रानात होतो. अजून कोणी आलं नव्हतं. दादांनी मोटार शर्यतींच्या नियमांचं मोठं पुस्तक उघडून आम्हाला वाचून दाखवलं की, स्पर्धेची पहिली गाडी सुटण्याआधी रस्ता ठीक आहे का हे बघायला एक गाडी सोडता येते. ती स्पर्धेत नसलेली हवी. "तू आता स्पर्धेत नाहीस," ते मुलीला म्हणाले. "ऊन मागे आहे. रस्ता कालचा झाडलेला आहे. बघून ये."

ती गेली. धूळ फार उडालीच नाही. कालव्याच्या वळणावर गाडी अशी सुरेख वळली की मी दादांना काही सांगायला गेलो, पण त्यांचं लक्ष हातातल्या घड्याळावर होतं. ती रेषा ओलांडून आली तसं त्यांनी बटण दाबलं, आकडा पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि पुसून टाकला. कुठे लिहिला नाही. "रस्ता ठीक आहे," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत पाटलांच्या विहिरीकडे चालू लागले.

भाची आता नोकरीसाठी दूर गेली आहे. गाडी ताडपत्रीखाली आहे. रविवारी फोन आला की ती हटकून विचारते, "बाबा, त्या दिवशी किती लागले होते?"

"गावाला ये, सांगतो," दादा म्हणतात.

ती येते, चार दिवस राहते, जाते. त्यांनी अजून सांगितलेलं नाही.