समाधीपुढे मोज्यांवर

लंडनहून एडिंबरोला जाणाऱ्या गाडीत माझी मुलगी सुजाता लॅपटॉपवर ऑफिसचे काम करीत होती आणि मी खिडकीतून मेंढ्या पाहत होतो. मेंढ्या अधिक समाधानी दिसल्या. सुजाता वॉटफर्डला राहते. मी नागपूरच्या महाविद्यालयात आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. माणूस आपापले हित पाहतो आणि त्यातूनच सर्वांचे भागते, हा विचार अडीचशे वर्षांपूर्वी मांडणारे आचार्य एडिंबरोत विसावले आहेत. त्यांची समाधी पाहणे, एवढीच माझी मागणी होती.

अट सुजाताची. मधुमेहाने माझे तळवे बधिर झाले आहेत. मागील वर्षी एका न जाणवलेल्या खड्यापायी डाव्या पायाचे एक बोट गेले.

"बाबा, मापाचे बूट पायातून काढायचे नाहीत. प्रॉमिस?"

मी मान हलवली.

एडिंबरो हे काळ्या दगडाचे आणि चढांचे शहर आहे. आचार्यांचा पुतळा भर रस्त्यात उभा आहे. त्यापुढे एक जण बॅगपाइप वाजवीत होता. ऐकणारे पुष्कळ, देणारे थोडे. दुपारी हॅगिस (मेंढीचे काळीज, फुप्फुस व ओट यांचे मिश्रण) खाल्ले. खिम्याचा दूरचा नातलग. मसाल्याशी संबंध तुटलेला.

आचार्यांची समाधी असलेल्या कर्कच्या (स्कॉटिश बोलीत चर्च) फाटकाशी मला सोडून सुजाता कॉफी आणायला गेली. देव मी मानत नाही. परंतु विहारात असो वा गुरूपुढे, बूट घालून उभे राहणे मला जमत नाही. जमीन ओली होती, म्हणून बूट बाहेरच्या ठेंगण्या भिंतीवर नीट जोडून ठेवले. समाधीवर नाणी पडली होती. विचारवंताला मेल्यावर पैसे द्यावेत, याविषयी जगात एकमत दिसते.

परतलो तर भिंत मोकळी. सुजाताने आल्याबरोबर माझ्या पायांकडे पाहिले.

"बूट कुठेत?"

"भिंतीवर ठेवले होते."

"अहो बाबा, इथे नको असलेलं सामान लोक भिंतीवर ठेवतात. ज्याला हवं तो नेतो."

"म्हणजे चोरी झाली."

"चोरी नाही. तुम्ही दान केलंत."

तिने मला बाकावर बसवले, आपला स्कार्फ माझ्या पायांना गुंडाळला आणि ती धावत सुटली. शाळेच्या शर्यतीतही ती कधी धावली नव्हती.

परतली तेव्हा सोबत एक वृद्ध बाई होत्या. काखेत माझे बूट. त्या कोपऱ्यावरच्या चॅरिटी शॉपमध्ये (दानाच्या वस्तू विकून मदतकार्य चालवणारे दुकान) काम करीत.

"भिजतील म्हणून उचलले," त्या म्हणाल्या. "पुसून काचेत मांडलेसुद्धा."

मी पाकीट काढले.

"स्वतःचेच बूट विकत घेणार?"

"तुमच्या श्रमाचे द्यायला हवे."

"मला इथे पगारच नाही."

"मग काम का करता?"

"घरी नवरा असतो."

हे उत्तर आचार्यांना पटले असते.

सुजाता ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली. मोजे उतरवून फोनच्या उजेडात तिने दोन्ही तळवे तपासले.

"डाव्या पायाला चारच आहेत," मी म्हणालो.

"मोजलीत मी. हलू नका."

जखम नव्हती. तरी परतीच्या गाडीत तिने लॅपटॉप उघडला नाही.

नागपुरात निवृत्त सहकाऱ्यांनी विचारले, आचार्यांच्या समाधीपुढे काय वाटले? गार वाटले, असे मी सांगितले. सुजाता आता रोज वॉटफर्डहून माझ्या तळव्यांचे छायाचित्र मागवते. या व्यवहारात तिचे हित कोणते, हे मला अद्याप मांडता आलेले नाही. छायाचित्र मात्र मी वेळेवर पाठवतो.