सातव्या फेरीतला गडी

बफेलोच्या पोलाद कारखान्यात लॉरेन काच्मारेकला सगळ्यांत शेवटी घेतलं होतं. निवृत्त झाली ती पाळीची मुख्य म्हणून. त्यामुळे अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजातले नवे खेळाडू फेरीफेरीने निवडतात त्यात, तिचा जीव शेवटच्या फेरीतच अडकलेला असायचा. यंदा सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत बफेलोच्या संघाने एका आडगावच्या कॉलेजातला आडदांड पोरगा निवडला, तेव्हा ती टीव्हीवर ड्राफ्ट बघत बसली होती त्या बारमध्ये हशा पिकला.

"याला कुठून उचलून आणला?" तिचा दीर स्टॅन म्हणाला. "ऑगस्टमध्ये संघाची छाटणी होते, तेव्हाच घरी धाडतील बघ, वहिनी."

"मलाही कारखान्यात तू आठवड्याची पाहुणी म्हणाला होतास," लॉरेन शांतपणे म्हणाली. "हा टिकणार."

सप्टेंबरच्या पहिल्याच सामन्यात, बारमधल्या टीव्हीवर, तो पोरगा पुढच्या रांगेत प्रतिस्पर्ध्यांना रेटायला मैदानात उतरला आणि समोरच्याला रेटत रेटत पार मागे घेऊन गेला.

"बरा रेटतो की गं," स्टॅन पुटपुटला.

लॉरेनने हसून कोंबडीच्या तिखट विंग्जची ताटली त्याच्यापुढे सरकवली.