डाव्या डोळ्याची परीक्षा
माझ्या डाव्या डोळ्याची पापणी सुजली आणि कुंभारवाड्यात माझा भाव वधारला. आमच्याकडे डोळा दुखला की रानातला मध. शेजारीण वाटी घेऊन हजर झाली, मी नाटकातल्यासारखा मान टाकून कण्हलो आणि बायकोनं थेंब सोडला. मला मधुमेह आहे. मध खायला मनाई होती; डोळ्यात घालायला कुणी नको म्हटलं नव्हतं.

मग नाक चोंदलं, गाल बधिर झाला आणि मला दोन-दोन मेहुणे दिसू लागले. एकच सोसत नव्हता. बेळगावची बस गाठली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाकात नळी घालून पाहिलं. बुरशी! नाकातून डोळ्याच्या खोबणीत शिरलेली, माझ्या रक्तातल्या साखरेवर पोसलेली.

"मधानं झालं व्हय?" बायकोनं हळूच विचारलं.

"मधानं नाही. पण त्याच्या नादात वेळ गेला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, अजून दिसतंय, म्हणून डोळा काढत नाही. साखर आवरू, नाक आतून साफ करू, सलाईनमधून औषध देऊ, डोळ्यामागंही इंजेक्शन देऊ. रोज नजर तपासू. बुरशी पुढं सरकली, तर मात्र डोळा काढण्यावाचून माझा इलाज नाही."

गावच्या नाटकात मी राजा असतो. मी राजाचा चेहरा केला. सुई पाहिल्यावर राजानं आईला हाक मारली.

ऑपरेशननंतर बाई रोज बोटं दाखवायच्या, मी आकडा सांगायचो. बायकोला पटेना.

"अंदाजानं सांगत असतील. सोंगाडं माणूस हाय, बाई."

तिनं ओळखीच्या घरून सुपात तांदूळ आणले आणि माझा उजवा डोळा तळहातानं झाकला.

"निवडा."

"अगं, मी राजा..."

"खडं काढा, म्हाराज."

सूपभर नुसतं धुकं होतं. मला विनोद सुचेना.

रोज सूप, रोज धुकं. सूज उतरत गेली तसे दाणे सुटे होऊ लागले. एका सकाळी पांढऱ्या तांदळात पांढराच खडा दिसला. तो उचलून मी तपासायला आलेल्या बाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी टॉर्च मारून डोळा पुन्हा नीट पाहिला.

"राहिला डोळा," त्या म्हणाल्या.

बायकोनं माझ्या उजव्या डोळ्यावरचा हात काढला आणि उरलेले तांदूळ माझ्यापुढं सरकवले.

आता घरी तांदूळ मीच निवडतो. कामचुकारपणाची सोय उरलेली नाही. जेवताना दाताखाली एक खडा आला, की ती ताटावरून उठून बेळगावला जायची पिशवी भरायला लागते.