मगबाई

बाई वर्गात तासभर अस्खलित बोलत, पण कॉलेजच्या फाटकाबाहेर पडल्या की त्यांच्याजवळ एकच शब्द उरे : "मग?" समोरची बोलता बोलता अडली की हातातलं काम न थांबवता, मान वर न करता, बाई तो शब्द तिच्यापुढे ठेवत. त्यात घाई नसे आणि कीवही नसे. उचगावच्या बायकांनी त्यांचं नावच मगबाई पाडलं होतं.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. बाई कोल्हापूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत. घरात मार खाणाऱ्या बायका दाद मागायला कुठे कुठे जातात आणि तिथे त्यांना काय ऐकावं लागतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. आकड्यांची त्यांना हौस नव्हती. "मोजायला सरकार आहे, सवड झाली की मोजेल. आपण ऐकू," असं त्या म्हणत. त्यासाठी त्या शहराजवळच्या उचगावला जात. मी त्यांची विद्यार्थिनी, म्हणून बरोबर जायची.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवत. आमच्या घरात देवादिकांच्या पोथ्यांपेक्षा संपाची पत्रकं जास्त, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. पहिल्या दिवशी मी प्रश्न तयार करून नेले. शेंगा फोडत बसलेल्या एका आजीला विचारलं, "कुटुंबसंस्थेत होणाऱ्या शोषणाविषयी आपली भूमिका काय?" आजीनं शेजारणीकडे बघितलं. "काय म्हंती गं ही? मतं मागाय आलीय व्हय?" परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "उत्तर आधीच ठरलं असेल तर बसचं तिकीट कशाला काढायचं? पोस्टानं पाठवून द्यावं."

घरात सासू असते, ओसरीवर शेजार असतो. मोकळं बोलायला बायकांना एकच जागा : विहिरीजवळचे धुण्याचे दगड. धोपटण्याच्या आवाजात एकीचं बोलणं पलीकडच्या दगडापर्यंत पोचत नाही. म्हणून बाई कोल्हापुरातल्या, राजारामपुरीतल्या घरचं धुणं गाठोड्यात बांधून सिटी बसनं उचगावला आणत. कंडक्टरही हसायचा. एकदा एकीनं विचारलंच, "अवो बाई, तुमच्या घरात नळ न्हाई व्हय?"

"आहे की. पण नळ बोलत नाही."

सगळ्या दगडांवर हशा पिकला, आणि त्या दिवशी तीन बायका आपण होऊन बाईंच्या शेजारी येऊन बसल्या.

खरं नाव कुठेही येणार नाही, तुम्हांला आवडेल ते नाव सांगा, असं बाई प्रत्येकीला सांगत. बहुतेकींनी अंबाबाई हेच सांगितलं. मी म्हटलं, फार गोंधळ होईल. "होऊ दे. देवीलाही कळू दे, तिच्या गावात काय काय चालतं ते," बाई म्हणाल्या. एकटी हौसा मात्र ठसक्यात म्हणाली, "माजं हौसाच लिवा. मार मला बसलाय, अंबाबाईला न्हाई."

हौसाचं माहेर उचगावचं, सासर पेठ वडगावच्या पुढचं. नवऱ्यानं पिरगळलेला डावा हात कोपरात वाकडा जुळून आला होता. ती पुन्हा पुन्हा माहेरी येई आणि पुन्हा पुन्हा सासरी जाई. बाईंनी विचारलं, "इथून कुणी हाकललं तुम्हांला?"

"हाकलंल कशाला कोन? आईनं ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, समदं रीतसर. भावानं यष्टीत बसवलं. गेलो."

"मग?"

"मग परत मार. परत आलो. पोलीस पाटलाकडं गेलतो, तर पाटलीनबाईनं च्या दिला, म्हनली सवाष्णीनं मोकळं जाऊ नये. तिनंबी ओटी भरली."

बाईंचा हात थांबलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. लुगड्याचा पिळा तसाच धरून त्या बसून राहिल्या. बसमध्ये म्हणाल्या, "आपण बंद दारं शोधत होतो. इथं दार उघडं आहे. पाट मांडतात, कुंकू लावतात, आणि मान देऊन तिला माराकडे परत धाडतात."

हौसाला आता जायचं नव्हतं. भाऊ वाईट नव्हता, पण गावाच्या तोंडाला भीत होता. त्यानं तोड काढली : "पोलिसांनी तक्रार लिवून घेतली तर ऱ्हा, मग मी गावाला दाखवतो कागूद. न्हाई तर सोमवारी तुला सोडून येतो."

मी लगेच मोर्चाची भाषा सुरू केली. फलकाचा मजकूरही सुचला होता. बाईंनी तो ऐकून घेतला. "मजकूर झकास आहे. पण हौसाक्काला स्वतः बोलायचंय. तिच्या तोंडापुढे फलक धरू नकोस."

शनिवारी आम्ही तिघी तिच्या सासरकडच्या चौकीत गेलो. फौजदार भला माणूस निघाला. खुर्च्या दिल्या, चहा मागवला, हौसाचं सगळं शांतपणे ऐकलं. "लई वाईट झालं," तो बाईंना म्हणाला. "पर घर म्हटल्यावर भांड्याला भांडं लागतंय की."

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग काय, चार दिवसांत निवळतंय."

"मग?"

"मग... आता हे लिवून घ्यायचं म्हटलं की त्याला बोलवा, जबाब घ्या, तपास करा."

"मग?"

फौजदारानं रुमालानं मान पुसली. "मग कायबी न्हाई. तुमी शिकलेल्या बाई. चहा घ्या आनि हिला समजावून घरला न्या."

हौसानं आपला भरलेला कप दोन्ही हातांनी, वाकड्या हातासकट, टेबलाच्या पलीकडे सारला.

"सायेब, ह्यो च्या न्हाई, ही ओटी हाय. आईनं भरली, पाटलीनबाईनं भरली, आता तुमी भरताय. ही घेऊन मी जानार न्हाई."

फौजदारानं बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मग?" हौसाच म्हणाली. "लिवून घ्या की."

त्यानं लिहून घेतलं. वाचून दाखवताना 'किरकोळ मारहाण' हे शब्द आले तसा हौसानं हात त्याच्या नाकासमोर धरला. "ह्यो किरकोळ दिसतोय व्हय?" शब्द खोडले गेले.

सोमवारी हौसा उचगावातच होती. ओटीसाठी आणलेल्या नारळाची आईनं चटणी केली. पुढे कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या, साहेब बदलत राहिले. पण हौसा तारखेला माहेरून जात होती आणि माहेरीच परत येत होती.

मी अजूनही पत्रकं लिहिते आणि अजूनही चिडूनच लिहिते. चिडायचं थांबावं असं काही घडलेलं नाही. फक्त माझ्या पत्रकातलं पहिलं वाक्य आता कुणातरी बाईच्या तोंडचं असतं, जसं ती बोलली तसंच.

निवृत्तीनंतर बाई बहिणीकडे नागपूरला जायला निघाल्या. स्टँडवर हौसा पिशवी घेऊन हजर. आत खण, नारळ, तांदूळ. बाईंनी लग्न केलं नव्हतं, त्यांची ओटी कधी कुणी भरलीच नव्हती. त्या हसून मागे सरकल्या. "हौसाक्का, तुमच्यामुळे मला ओटीची धास्तीच बसलीय."

"भ्याचं न्हाई. पदर धरा. ओटी घालवाय भरत न्हाईत बाई, परत यावं म्हनून भरत्यात. आमीच इसरलतो." वाकड्या हातानं तिनं तांदूळ घातले, एक दाणा खाली पडू दिला नाही. गाडी सुरू झाली तशी खिडकीखाली येऊन तिनं विचारलं, "मग? कवा येताय?"

उभ्या जन्मात जो शब्द बाईंनी दुसऱ्यांना विचारला, त्याचं उत्तर आता त्यांना द्यायचं होतं. त्या काही क्षण अडल्या. हौसा थांबली. तिला आता थांबता येत होतं.

"दसऱ्याला," बाई म्हणाल्या.

आणि आल्या. नागपूरहून येताना धुण्याचं गाठोडं विसरल्या नव्हत्या.