रंगाचा रकाना

पोलीस ठाण्यात बेपत्ता माणसांचे अर्ज भरणाऱ्या लेखनिकाला सगळे डिक्शनरी म्हणत. अर्ज इंग्रजीत भरायचा असे, आणि त्वचेच्या रंगाच्या रकान्यात त्याने बावीस वर्षं एकच शब्द लिहिला होता: स्वार्दी. म्हणजे सावळा, उन्हाने रापलेला. नोकरी लागली त्या आठवड्यात हा शब्द त्याला कोशात सापडला, आवडला, आणि पुढे त्याने पान उलटायचे कष्ट घेतले नाहीत.

"अहो, फोटोत ही बाई चांगली गोरीपान दिसतेय," साहेब एकदा म्हणाले.

"हरवलेलं माणूस उन्हात फिरतं, साहेब. सापडेपर्यंत होतं स्वार्दी."

साहेबांनी सही ठोकली.

मग एका दुपारी त्याचे स्वतःचे वडीलच, आप्पा, घरातून निघून गेले. दोन वर्षांपासून त्यांना काही आठवत नसे. आईचा फोन आला आणि डिक्शनरीने लगेच अर्ज भरायला घेतला. फोटो शोधायलाही वेळ नव्हता. वय अठ्ठ्याहत्तर, बांधा मध्यम, केस पांढरे. रंगाच्या रकान्यात हात आपोआप चालला. कागद सगळीकडे पाठवून तो मोटरसायकलवर शोधायला निघाला.

तीन तासांत त्या वर्णनाचे चार म्हातारे मिळाले. एकाने तर त्याला "बाळा" म्हणून मिठीच मारली. आप्पा मात्र त्यांत नव्हते.

रडकुंडीला येऊन तो ठाण्यात परतला, तर बाहेरच्या बाकावर आप्पा! दुपारपासून.

"डोळे फुटले होते का तुमचे?" तो हवालदारीणबाईंवर धावून गेला.

त्यांनी त्याचाच कागद पुढे केला. "आवाज खाली! तुम्हीच लिहिलंय ना स्वार्दी? मी मुद्दाम साहेबांना अर्थ विचारला. सावळा म्हणाले. आणि हे बघा, मुळ्यासारखे पांढरे! स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही त्यांना."

आप्पांचा जन्म छापखान्याच्या तळघरात खिळे जुळवण्यात गेला होता. ऊन त्यांना फक्त रविवारी भेटायचं. गालावर फिकट तपकिरी ठिपके होते. हे कधी आले, डिक्शनरीला आठवेना.

"मग बसलेत कशाला इथे?"

"तक्रार द्यायला. मुलगा हरवलाय म्हणतात. म्हटलं, आमचे लेखनिक येऊ देत."

डिक्शनरीने कोरा अर्ज ओढला. "रंग कसा आहे मुलाचा?"

"लिहून घ्या, साहेब," आप्पा घाईने म्हणाले. "चेहरा गव्हाळ, पण उजव्या भुवईखाली काळपट, लहानपणी पडला होता. मान उन्हानं करपलेली. हनुवटीवर दाढीची निळसर झाक. चिडला की कान लाल होतात, आणि रडू यायला लागलं की आधी नाक."

डिक्शनरीने पेन टेकवलं, पण त्याला कागदच दिसेना. हवालदारीणबाई वाकून त्याच्या नाकाकडे बघत होत्या.

"सापडला हो, आप्पा," त्या म्हणाल्या.