फकीरभाईंची पहार

लोणी भापकरच्या फकीरभाईंचं बूड एका जागी टेकलेलं कुणी पाहिलं नाही. चहासुद्धा ते फेऱ्या मारतच प्यायचे. उभी हयात पहारीने अवजड दगड सारण्यात गेली. आता गावात जेसीबी आले, आणि रिकाम्या हातांनी भाई नुसते घुसमटत होते.

त्या सकाळी नात साजिया कॉलेजची वही घेऊन आली. "नाना, 'पहार' हा शब्द म्हणे 'प्रहार'वरनं आलाय. म्हणजे घाव."

भाई भडकले. "कोण म्हणतो? पहार मारायची नसती, दाबायची असती! घाव घालायला कुदळ हाय की." बापाने हेच शिकवलं होतं. पहारीने खड्डे खणणारा दिसला तरी त्यांच्या कपाळावर आठी चढे.

तेवढ्यात शेजारचा सूरज धापा टाकत आला. कारखान्यावर ऊस टाकून येताना सावळारामतात्यांची रिकामी ट्रॉली ओढ्यापाशी कलंडली होती, आणि तात्यांचा पाय फाळक्याखाली, ट्रॉलीच्या बाजूच्या लोखंडी झडपेखाली, अडकला होता. जेसीबी यायला तास लागणार होता. तात्या म्हणजे भाईंचा लहानपणापासूनचा जिवलग. भाई पहार उचलून पळाले.

तिथे पोरं नुसती आरडाओरडा करत ट्रॉली ओढत होती. "सोडा रं! पाय तोडताय का त्याचा?" भाईंनी फाळक्याखाली पहार सारून पाहिली. फाळकं मुरमात रुतलेलं, टोक शिरेना. मारल्याशिवाय वाट होणार नव्हती, आणि प्रत्येक घावाला ट्रॉली हादरणार होती. भाईंनी पहार उगारली, पण ती खाली आणवेना.

"मार की फकीर!" तात्या कण्हत म्हणाले. "वर गेलो की तुज्या बापाला मी सांगतो."

भाईंनी मारली. तात्या किंचाळले. पुन्हा मारली. तिसऱ्या घावाला टोक शिरलं. टेकूला दगड ठेवून भाई पहारीवर लोंबकळले. फाळकं दोन बोटं उचललं, सूरजने फटीत धोंडा सारला. आणखी दोन बोटं, आणखी एक धोंडा. मग तात्यांना बाहेर ओढलं.

दुपारी बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय वाचल्याचं सांगितलं. भाई तात्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून होते. हातातला चहा गार झाला होता. साजियाने हळूच विचारलं, "नाना, वहीत काय लिहू?"

"प्रहारच लिही," भाई म्हणाले. "पर मारणारा रडत हुता, ती बी लिही."